किचन राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

डोंबिवलीच्या एका काकांचं पत्र आहे. वय ६१, रिटायर्ड, दोघं आता साताऱ्याच्या घरी राहायला गेलेत आणि २००९ साली २२ लाखांना घेतलेला टू बीएचके विकायचाय. अपेक्षा ८० लाखांची. बेडरूमच्या छताला ओल आहे, हॉलच्या भिंतीचे पोपडे निघालेत, किचनच्या दोन टाइल्स सुटल्यात. ब्रोकर म्हणतो साडेचार लाख घाला, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घ्या, ९० सहज येतील. तर पर्सनल लोन काढून करू का, असा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता: 'आलेले पैसे कुठे टाकायचे ते ठरलंय, बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन दिलाय, एफडी मोडून ६ लाखांचा पहिला हप्ता भरला, पुढचे नऊ फ्लॅटच्या पैशातून जातील. १२ दिवसांपूर्वी पॉलिसी घरी आली.'

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नका करू', एवढंच आहे. पण ती शेवटची ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

६ लाख गुणिले १० म्हणजे ६० लाख भरायचे आणि १५ वर्षं संपल्यावर १ कोटी २ लाख मिळणार, असं तुम्ही पाठवलेल्या कागदावर दिसतंय. मॅडमनी 'जवळजवळ डबल' सांगितलं असेल. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या जेमतेम वर जातो, म्हणजे तुम्ही जी एफडी मोडली तीच बहुतेक बरी होती! आणि पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७६ वर्षांचे असाल. वर 'टॅक्स फ्री' पण सांगितलंय ना? एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीचा फायदा करपात्र होतो, तुमचा ६ आहे, म्हणजे वरच्या ४२ लाखांवर टॅक्स. हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. रिटायर्ड माणसाच्या गळ्यात १० वर्षांचे हप्ते मारायचे म्हणजे कमाल आहे.

सुदैवाने फ्री लूक नावाची सोय आहे, पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमचे १२ गेले, १८ उरले. आजच विमा कंपनीला थेट लिहा, ईमेल करा आणि शाखेत जाऊन पत्र देऊन पोहोच घ्या. बँकेतल्या मॅडमना सांगून थांबू नका, त्या 'अंकल मी बघते' म्हणतील आणि तारीख जाईल. मेडिकल, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांचं विम्याचं किरकोळ कापून बाकी पैसे परत येतात.

आणि खरं सांगू का, किचनची घाई पण ह्या पॉलिसीमुळेच आहे. पुढच्या वर्षी ६ लाख भरायचे म्हणून फ्लॅट त्याआधी विकायचाय, म्हणून तो चकचकीत करायचाय, म्हणून लोन. हप्ता गेला की घाई पण गेली, आणि घाई नसलेल्या माणसाकडे कोणाला भाव पाडून मागता येत नाही.

आता घराचं. फ्लॅट घेणारा तुमचं साडेचार लाखांचं किचन पहिल्या महिन्यात तोडतो, कारण त्याच्या बायकोला वेगळा रंग हवा असतो. (किचनवाला ब्रोकरचा कोणी लागतो का, विचारून बघा.) ५०-६० हजार काढा: पांढरा रंग, गळके नळ, अडकणारी कडी, सगळीकडे चालू ट्यूबलाइट, बाथरूमची घासून सफाई. बस. ओलीवर मात्र नुसता रंग मारू नका, पहिल्या पावसात ती परत वर येईल. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल तर दुरुस्ती त्यांनी करायची, बाहेरच्या पाइपची असेल तर सोसायटीने, लेखी अर्ज द्या. आणि सहज न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं कायद्याने तुमच्यावरच आहे, फॉल्स सीलिंगमागे गळती लपवलीत तर उद्या तो वकील घेऊन साताऱ्याला येईल.

फ्लॅट ८० ला गेला तर नफ्यावरचा टॅक्स दोन पद्धतींनी काढून बघा. इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्क्याने सव्वासात लाखांच्या आसपास, जुन्या पद्धतीने इंडेक्सेशन घेऊन २० टक्क्याने पाचच्या आत, वर सेस. जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला कमी बसेल ती निवडता येते, सीएला आठवण करा. रंगाचा खर्च यात धरता येत नाही हो.

उरलेल्या ७५ पैकी ३० लाख तुमच्या नावाने सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, काकू साठीच्या पुढे असतील तर ३० त्यांच्या नावाने. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला ४१ हजार पडतात, दर तिमाहीला खात्यात येतात, त्यावर टॅक्स आहे तो धरा. बाकीचे साध्या एफडीत राहू द्यात.

टाइल्स दोनच सुटल्यात ना? गवंडी अर्ध्या दिवसात लावून जाईल. तीच डिझाइन मिळाली नाही तर साध्या पांढऱ्या लावा.