सकाळचं पहिलं पाऊल

तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळ्या तारखाच आहेत त्यात: फ्रॅक्चर कधी कळलं, डॉक्टरांनी पळायला कधी हो म्हटलं, शर्यतीला 11 आठवडे कसे उरलेत. नडगीबद्दल एकच ओळ, तीही शेवटी. ‘सकाळी थोडं जाणवतं, पण दोन किलोमीटर झाले की जातं.’

अगं, पळताना दुखणं गेलं याला काडीची किंमत नाही. अंग तापलं की बरंच काही दबतं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल काय म्हणतं ते बघ. दुखलं तर त्या दिवशी पळायचं नाही. बस.

तुझा दम शाबूत आहे, मान्य. सायकल आणि पाण्यातलं पळणं तू चुकवलं नाहीस. पण घोटाळा तिथेच आहे. दम आठवड्यांत परततो, हाडाला महिने लागतात. भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं, नवा नंतर भरतं. मधल्या काळात ते उलट कमजोर असतं. नेमकं तेव्हाच आपल्याला मस्त वाटायला लागतं आणि आपण अंतर वाढवतो.

मी वाढवलं होतं. नडगीच्या आतल्या कडेला नाण्याएवढी एक जागा होती, अंगठ्यानं दाबली की डोळ्यांत पाणी यायचं. मग मी ती दाबणंच सोडलं. चार महिने पाळी आली नव्हती, तर मला ती कसून सराव केल्याची खूण वाटली! (तुझी वेळेवर येते ना? नसेल तर डॉक्टरांना सांग. कमी खाऊन जास्त पळणाऱ्यांची हाडं अशीच मोडतात.) गोळी घेऊन शर्यतीला उभी राहिले. 29व्या किलोमीटरला पाय टेकवेना. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, असं मी आजवर सांगत आलेय. होतं गं. मीच ऐकलं नाही.

आणि अमेरिकेच्या मॅरेथॉनपटू जोन बेनॉइटचा दाखला मला देऊ नकोस. 1984मध्ये शस्त्रक्रियेनंतर 17 दिवसांत तिनं ऑलिंपिकची निवड चाचणी जिंकली, पुढे ऑलिंपिकची मॅरेथॉनही, सगळं खरं. पण तो गुडघा होता, दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया. तुझं हाड मोडलंय.

आधी 30 मिनिटं भरभर चाल. सकाळ शांत गेली, तर 1 मिनिट पळ, 4 मिनिटं चाल, तेही एक दिवस आड. पळायची मिनिटं हळूहळू वाढव. वेग सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल. कंटाळलीस ऐकून? कंटाळ.

माझ्या त्या शर्यतीनंतर मी मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरला घाबरले, असं लोक म्हणतात. तीनदा नाव नोंदवून मागे घेतलं, हे खरं. पण घाबरले नाही; तिन्ही वेळा सकाळी नडगी दुखत होती. दोनदा तरी नक्की.

तुझ्या 11 आठवड्यांचं मग बघू. उद्या उठलीस की घड्याळ बांधायच्या आधी मला कळव.