इराकचा राजा फैसल खरा राष्ट्रवादी होता की इंग्रजांचं बाहुलं?

प्रश्न पहिल्या फैसलबद्दल आहे असं धरतो, सौदीचा फैसल वेगळा, बरेच जण घोळ करतात.

बाहुलं म्हणणाऱ्यांचंही अगदीच चुकत नाही म्हणा. माणूस मक्केच्या शरीफ हुसेनचा मुलगा, वाढला इस्तंबूलला, बगदादशी काही घेणंदेणं नाही, आणि १९२१ला कैरोत चर्चिल आणि मंडळींनी ठरवलं की इराकच्या गादीवर हाच. मग सार्वमत, त्यात म्हणे ९६ टक्के! २३ ऑगस्टला भल्या सकाळी राज्याभिषेक उरकला, देशाला स्वतःचं राष्ट्रगीतच नव्हतं म्हणून बँडने चक्क 'गॉड सेव्ह द किंग' वाजवलं. आता बोला.

पण त्याआधीचं बघा ना. १९१६पासून तुर्कांशी लढला, १९१८ला दमास्कसमध्ये शिरला, मार्च १९२०मध्ये सीरियन काँग्रेसने त्याला राजा केलं. तिकडे इंग्रज-फ्रेंचांनी तुर्कांच्या अरब मुलखाची वाटणी आधीच करून ठेवलेली. जुलैत फ्रेंच जनरल गुरोने अल्टिमेटम दिलं, फैसलने ते मान्यसुद्धा केलं, तरी फ्रेंच फौज चालून आलीच. संरक्षणमंत्री यूसुफ अल-अझमा मैसलूनला लढताना मारला गेला आणि फैसलची गादी साडेचार महिन्यांत गेली.

माझ्या मते तिथेच तो शहाणा झाला. पुढे इराकमध्ये त्याचं धोरण एकच, मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं आणि लगेच पुढचं मागायचं. आपल्याकडे टिळकांची प्रतियोगी सहकारिता होती ना, साधारण तसंच. १९३०चा करार केला, त्यात हवाई तळ इंग्रजांकडेच राहिले (एक बसऱ्याजवळचा शैबा, जिथे १९१५ला आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या), पण ३ ऑक्टोबर १९३२ला इराक स्वतंत्र देश म्हणून राष्ट्रसंघात (म्हणजे लीग ऑफ नेशन्स, आजच्या यूएनच्या आधीची संघटना) गेला. सीरियाला त्यासाठी अजून बरीच वर्षं थांबावं लागलं.

आणि तो भ्रमात नव्हता हं. शेवटच्या काळात त्याने जवळच्या लोकांसाठी एक टिपण लिहिलं, त्यात सरळ म्हणतो की इराकी जनता अशी अजून काही नाहीच, आणि लोकांकडे लाखावर रायफली असताना सरकारकडे फक्त १५ हजार आहेत. बाहुलं असलं हिशोब करत बसत नाही.

डाग आहेच, ऑगस्ट १९३३मध्ये सिमेलला इराकी सैन्याने असीरियन या ख्रिस्ती अल्पसंख्याक लोकांची कत्तल केली आणि त्याला ती थांबवता आली नाही. लगेच ८ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला वारला, वय अवघं ४८.