‘गंमत म्हणून’ बॉम्बची खोटी धमकी दिली, तर खरंच तुरुंगात जावं लागतं का?

हो. बॉम्ब नव्हताच, मग गुन्हा कसला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण इथे गुन्हा स्फोटाचा नसतोच, खोटं बोलून भीती पसरवल्याचा असतो.

भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं. जीवे मारण्याची किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करण्याची धमकी असेल तर ७ वर्षांपर्यंत कैद. नाव लपवून धमकी दिली असेल तर त्यावर आणखी २ वर्षांपर्यंत. म्हणजे बनावट ईमेल आयडी काढून हुशारी केली, तर शिक्षा वाढतेच! अफवेने लोकांत घबराट पसरवल्याबद्दल कलम ३५३ वेगळं.

ब्रिटनमध्ये १९७७च्या कायद्यानुसार ७ वर्षांपर्यंत. अमेरिकेत साधारण ५ वर्षांपर्यंत, पण त्या गोंधळात कुणाचा जीव गेला तर थेट जन्मठेपेपर्यंत. शिवाय तिथे पोलीस, अग्निशमन दल यांचा खर्चही कोर्ट आरोपीकडून वसूल करतं. माझ्या मते लोकांना कैदेपेक्षा हे बिल जास्त झोंबत असावं.

‘मी तर विनोद केला होता’ हा बचाव क्वचित चालतो. इंग्लंडमध्ये २०१० साली एकाने विमानतळ उडवून देण्याचं ट्वीट वैतागून केलं. दोषी ठरला, दंड झाला, नोकरी गेली. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली खरी, पण मधली दोन वर्षं कोर्टाच्या खेपा घालण्यातच गेली.