आई-बाबांना पहिल्यांदाच युरोपला नेताय ना? मग औषधांपासून सुरुवात करा

घाबरू नका, तयारी फार नाही. दोन-तीन गोष्टी मात्र अजिबात चुकवू नका.

सर्वात आधी औषधं. सगळी केबिन बॅगेत, मूळ पाकिटातच. गोळ्या सुट्या करून डबीत भरल्या, तर अनोळखी डॉक्टरला काहीच कळत नाही. माझ्या आईची मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली आणि बीपीच्या गोळ्या नेमक्या तिच्यातच होत्या. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. इन्सुलिन तर चेक-इन सामानात टाकूच नका, तिथे ते गोठू शकतं. मुक्कामापेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्या.

डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या: आजार, अॅलर्जी आणि औषधांची मूळ नावं. क्रोसिन म्हटलं तर तिथला केमिस्ट गोंधळेल, पॅरासिटामॉल म्हटलं की समजेल.

मग विमा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचं कव्हर लागतंच, पण केवळ व्हिसापुरती स्वस्तातली पॉलिसी उचलू नका. आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम नीट वाचा. हप्ता वाढेल म्हणून बाबांचा मधुमेह लपवणं ही नवख्यांची सर्वात महागात पडणारी चूक, कारण दावा तिथेच फेटाळला जातो.

तिथे गेल्यावर:
- तातडीसाठी 112, फुकट लागतो
- विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर कागदावर, दोघांच्याही खिशात
- दाखल करावं लागलं तर कंपनीला लगेच फोन
- प्रत्येक बिल जपून ठेवा

क्लेमचे बारकावे आत्ता नकोत. आधी डॉक्टरांची वेळ घ्या, चिठ्ठीलाच उशीर होतो.