ऑफिसात झकास चालणारा मल्टिप्लेअर गेम खऱ्या खेळाडूंसमोर का कोसळतो? बीटामध्ये, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंकडून होणाऱ्या चाचणीत, तो स्थिर कसा करावा?

तुम्ही म्हणता, ऑफिसातल्या चार मशीनवर गेम झकास चालतो, पण बाहेरचे तीसएक खेळाडू आले की सगळे 'लॅग, लॅग' ओरडतात आणि शेवटी सर्व्हरच पडतो. यात नवल नाही. लॅनवर (ऑफिसातल्या अंतर्गत नेटवर्कवर) पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, एखाद्या मिलिसेकंदात पोहोचतं, तिथे कुठलाही नेटकोड (गेमचा नेटवर्क सांभाळणारा कोड) चांगलाच वाटतो. गेम सर्व्हर हेच माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो: खेळाडूची तक्रार खरी माना, पण त्याने सांगितलेलं कारण धरून बसू नका.

तिघांनी लॅगची तक्रार केली तर बहुतेकदा दुखणी तीन निघतात. एकाचा फोन जुना, त्याचा फ्रेम रेटच पडतोय. दुसऱ्याचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) ठीक आहे, पण दर थोड्या वेळाने सगळ्यांबरोबर तोही अडकतो. म्हणजे सर्व्हरचा टिक, खेळ एक पाऊल पुढे नेणारी त्याची फेरी, लांबतोय. सेकंदाला २० टिक असतील तर एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. डेटाबेसचं सेव्हिंग त्याच थ्रेडवर (कामाच्या त्याच रांगेत) ठेवलं असेल तर घोडं तिथेच पेंड खातं. तिसऱ्याची पॅकेट हरवताहेत, आणि टीसीपी (सगळी पॅकेट क्रमानेच पोहोचवणारी पद्धत) असेल तर हरवलेलं एक परत येईपर्यंत मागची सगळी ताटकळतात. म्हणून पिंग, पॅकेट लॉस, एफपीएस (फ्रेम रेट), सर्व्हरचा टिक टाइम आणि बिल्ड नंबर स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दाखवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून अर्धं निदान होतं.

काही वेळा मात्र दोष मूळ रचनेतच असतो. जून १९९६ मध्ये 'क्वेक' हा गोळीबाराचा गेम आला तेव्हा सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत तुमचा माणूस जागचा हलायचा नाही. लॅनवर मजा, मोडेमवाल्यांचे हाल. आपली मूळ गृहीतकंच इंटरनेटसाठी चुकली, असं त्याचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने उघड लिहिलं आणि डिसेंबरमध्ये 'क्वेकवर्ल्ड' आणला. त्यात क्लायंट (खेळाडूच्या मशीनवरचा गेम) आपली हालचाल आधी करून मोकळा होतो, सर्व्हरचं उत्तर आलं की फरक दुरुस्त करतो. हे नसेल तर कितीही महागडा सर्व्हर घ्या, उपयोग शून्य. लिनक्सवर 'नेटेम' किंवा विंडोजवर 'क्लम्सी' ही खराब नेटवर्कची नक्कल करणारी साधनं वापरून १५० मिलिसेकंद उशीर आणि २-३ टक्के लॉस लावा आणि तसं स्वतः खेळा. (सर्व्हर अमेरिकेत ठेवला असेल तर उशीर वेगळा लावायची गरजच नाही!)

सर्व्हर पडण्याचं म्हणाल तर क्रॅश डंप (पडतानाच्या मेमरीची नोंद) आणि त्याआधीचे इनपुट साठवा, बॉट्स (आपोआप खेळणारे नकली खेळाडू) रात्रभर चालू ठेवा. पण माझा जास्त वेळ जातो रीकनेक्टवर, म्हणजे तुटलेला खेळाडू पुन्हा जोडण्यावर. खेळाडू घराबाहेर पडतो, वायफायवरून मोबाइल डेटावर जातो, आयपी बदलतो. सर्व्हरला तो नवाच माणूस वाटतो आणि जुनं पात्र मैदानात उभं राहतं. हेच नेमकं तलवारीची देवाणघेवाण चालू असताना झालं, घेणाऱ्याचं सेव्ह झालं आणि देणाऱ्याचं राहिलं, की एका तलवारीच्या दोन होतात. दोघांच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही.

सर्व्हर पुन्हा उठल्यावर कोणती स्थिती परत येते, हेही तपासा. ऑगस्ट १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' या मल्टिप्लेअर गेमच्या बीटात खुद्द निर्माता रिचर्ड गॅरियट गेममधला राजा 'लॉर्ड ब्रिटिश' बनून आला होता. सर्व्हर पडल्यावर त्याने पुन्हा लॉगइन केलं, अमरत्व चालू करायचं राहिलं, आणि एका खेळाडूने आगीच्या मंत्राने राजालाच मारलं. त्या खेळाडूला काढून टाकलं. त्याने आधीचे बग कळवण्याऐवजी वापरून घेतले, असं कारण कंपनीने दिलं. खेळाडू मात्र भडकले. तेव्हा 'बग कळवा, वापरून घेऊ नका' हा नियम पहिल्या दिवशीच सांगा, आणि बग कळवणाऱ्याला गेममध्ये मिरवता येईल असं काहीतरी द्या.

आणि टेस्ट दिवसभर उघडी ठेवू नका, एका वेळी दोघंतिघंच येतील. शनिवारी रात्री ९ ते १० सगळ्यांना एकदम बोलवा, लॉगसमोर स्वतः बसा. तेव्हाचा टिक टाइमचा आलेख इथे टाकलात तर पुढचं बोलता येईल.