वाचकांचे प्रश्न : वाढत्या पायाचे स्केट

प्रश्न : आम्ही ब्रॅम्प्टनला राहतो. या हिवाळ्यापासून आमच्या सात वर्षांच्या मुलाला आइस हॉकीच्या वर्गाला घातले आहे. त्याचा पाय झपाट्याने वाढतो, म्हणून दोन नंबर मोठे स्केट घेतले आणि आत दोन जाड मोज्यांचे जोड घातले. तरीही बर्फावर उभा राहिला की त्याचे दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलतात आणि अर्ध्या तासात पाय दुखतात म्हणून तो रडू लागतो. ओळखीचे लोक म्हणतात की त्याचे घोटेच कमजोर आहेत. यात तथ्य आहे का, आणि स्केट निवडावे तरी कसे?

उत्तर : आपल्या मुलाच्या घोट्यांना दोष देण्याआधी त्याचे स्केट तपासावेत. नीट चालणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलाचे घोटे बर्फावर कलतात, तेव्हा बहुतेक वेळा बूट सैल असतो किंवा नाडी ढिली बांधलेली असते. वाढत्या अंगाचा सदरा घेण्याची आपल्याकडची रीत सदऱ्याच्या बाबतीत शहाणपणाची आहे, कारण बाही दुमडता येते. स्केटमध्ये दुमडण्यासारखे काहीच नसते. पाय आत सरकू लागला की मूल तोल सावरण्यासाठी बोटे आवळून बूट पकडू पाहते आणि तळव्याला गोळे येतात. आपला मुलगा ज्या दुखण्याने रडतो, ते बहुधा हेच असावे. मीही थोरल्या मुलासाठी पहिले स्केट असेच मोठे घेतले होते आणि त्याचा एक अख्खा हिवाळा कठड्याला धरून उभे राहण्यात गेला, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

स्केटचा नंबर आणि रोजच्या बुटाचा नंबर एक नसतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत अमेरिकी मापाच्या पुरुषांच्या बुटापेक्षा स्केट साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो. लहान मुलांच्या मापांची मालिका वेगळी असल्यामुळे दुकानात पाय प्रत्यक्ष मोजून घेणेच बरे. शिवाय लांबीइतकेच महत्त्व रुंदीला आहे. बॉअर कंपनी आपल्या अनेक स्केटमध्ये फिट १, २ आणि ३ असे तीन आकार देते, तर सीसीएम निमुळता, नेहमीचा आणि रुंद असे प्रकार करते. चवडा रुंद असेल तर नंबर वाढवू नये, रुंद आकार मागावा. नंबर वाढवला की चवडा सुटतो, पण टाच मोकळी राहते.

घालून पाहताना एकच पातळ मोजा असावा. पाय आत सरकवल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटावी, म्हणजे ती बुटाच्या मागच्या खोबणीत बसते, आणि मग नाडी बांधावी. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके बुटाच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर पाय किंचित मागे जाऊन ती सुटावीत. मुलाच्या बाबतीत वाढीसाठी जागा ठेवायचीच असेल, तर ती अर्ध्या नंबरापेक्षा अधिक नसावी : पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे आपले एक बोट कसेबसे शिरले तर चालेल, सहज शिरले तर तो स्केट परत ठेवावा. बुटाची खोली पाहण्यासाठी नाडी सैल करून, वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवावी. तिने दोन्ही बाजूंच्या भोकांना स्पर्श केला तर खोली पुरेशी आहे; ती मधेच पायावर अडून राहिली तर बूट उथळ आहे आणि नाडी पावलाच्या वरच्या भागाला काचणार.

चांगल्या दुकानात नवे स्केट खास भट्टीत काही मिनिटे गरम करून देतात. मऊ झालेला बूट घालून, नाडी बांधून, दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर नुसते बसून राहायचे. थंड होताना तो पायाचा आकार घेतो. या काळात उभे राहू नये आणि नाडी बाहेरच्या बाजूला ओढू नये, नाहीतर भोकांच्या कड्या निखळतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. हेही लक्षात असू द्यावे की उष्णतेने बूट पायाला बिलगतो, पण मोठा बूट लहान होत नाही.

नवे स्केट अनेकदा धार न लावताच विकले जातात आणि बिनधारेच्या पात्यावर कोणाचेही घोटे लटपटतील. पात्याच्या तळाशी पन्हळीसारखी खाच असते आणि तिच्या दोन कडा बर्फ पकडतात. धार लावताना या पन्हळीची गोलाई इंचात सांगतात : आकडा जितका लहान, तितकी पन्हळ खोल आणि पकड घट्ट. १/२ इंच ही सर्रास लावली जाणारी धार आहे. मुलाला थांबताना पाते फारच रुतते असे वाटले, तर पुढच्या वेळी ५/८ इंच लावून पाहावे. नाडी बोटांपाशी सैल, पावलावर बेताची आणि घोट्याच्या वळणापाशी घट्ट असावी; आपल्या मुलाच्या वयाला ही घट्ट ओढ स्वतःच्या हातांनी जमत नाही, ती आपणच द्यावी.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि दर वर्षी नवे स्केट घेणे कोणालाही जड जाते. लहान मुलांचा पाय स्केट झिजण्याच्या आधीच वाढतो, त्यामुळे नेमक्या मापाचे वापरलेले स्केट मोठ्या मापाच्या नव्या स्केटपेक्षा कितीतरी चांगले. थोरल्याची पुस्तके धाकट्याला देण्याची सवय आपल्याला आहेच. ती आपल्या ओळखीच्या चार घरांत स्केटच्या बाबतीत चालवावी. घेताना घोट्याभोवतीचा भाग हाताने दाबून पाहावा. तो पिठासारखा मऊ झाला असेल, किंवा धार लावून लावून पाते फार उतरले असेल, तर घेऊ नये.

प्रश्न : वयाच्या ४१ व्या वर्षी कॅल्गरीत नवशिक्यांच्या गटात हॉकी सुरू करत आहे. एका सहकाऱ्याने आपला जुना सगळा संच देऊ केला आहे. तो वापरावा का?

उत्तर : हेल्मेट सोडून बाकीचे अवश्य पाहावे. हेल्मेट जुने असेल तर त्याला कधी काय मार बसला, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ते नवेच घ्यावे आणि त्यावर कॅनडाच्या सीएसए प्रमाणनाची खूण आहे की नाही हे पाहावे. त्याची कड भुवयांच्या वर एका बोटावर यावी, आणि हनुवटीचा पट्टा बांधण्यापूर्वी मान हलवली तरी ते डोक्यावर फिरू नये. प्रौढांच्या गटात चेहऱ्यावर काय लावावे याचे नियम सैल असतात, तरी माझे स्पष्ट मत असे की पूर्ण जाळीच लावावी. सोमवारी सकाळी कामावर जायचे असते.

बाकी संरक्षक साहित्याचे मर्म सांध्यांत आहे, म्हणजे एक वस्तू संपते आणि दुसरी सुरू होते त्या जागांत. मार नेमका तिथेच बसतो. शिन गार्डची, म्हणजे गुडघा आणि नडगी झाकणाऱ्या कवचाची, वाटी गुडघ्याच्या वाटीवर बरोबर बसावी आणि खालचे टोक स्केटच्या वरच्या कडेपर्यंत यावे. ते लांब असेल तर पाऊल वाकत नाही आणि आखूड असेल तर नडगी उघडी पडते. हॉकी पँट गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या भागापर्यंत यावी, तिने माकडहाडही झाकले पाहिजे, कारण नवशिक्या माणूस सर्वांत जास्त त्याच जागी आपटतो. एल्बो पॅड खांद्याच्या कवचापासून ग्लव्हजच्या मनगटापर्यंतची जागा भरून काढतो. म्हणून सगळे एकदम अंगावर चढवून, हातात स्टिक घेऊन, वाकून पाहावे. सहकारी आपल्यापेक्षा चार इंच उंच असेल तर त्याचे शिन गार्ड आपल्या उपयोगाचे नाहीत, मग ते कितीही चांगल्या स्थितीत असोत. मांड्यांमधला संरक्षक कप मात्र नवा घ्यावा.

घरी परतल्यावर सगळे साहित्य बॅगेतून काढून वाळत टाकावे आणि पाती कोरड्या फडक्याने पुसावीत. चालताना लावायची प्लास्टिकची कडक आवरणे चढवून स्केट ठेवून देऊ नयेत, त्यांत ओल साचते आणि पात्याला गंज चढतो; ठेवताना कापडी आवरणे वापरावीत.

प्रश्न : न्यू जर्सीत माझी १२ वर्षांची मुलगी खेळते. नेक गार्डने (गळ्याचे पात्यापासून रक्षण करणाऱ्या पट्ट्याने) गुदमरल्यासारखे होते म्हणून ती तो सरावाला लावत नाही. सरावात सूट असते का?

उत्तर : नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून यूएसए हॉकी या अमेरिकेतील हॉकीच्या नियामक संस्थेने प्रौढांचे गट सोडून सर्व वयोगटांतील खेळाडूंना गळ्याचे संरक्षण बंधनकारक केले आहे, सामन्यांत आणि सरावातही. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे झालेल्या सामन्यात नॉटिंगहॅम पँथर्सचा अमेरिकी खेळाडू अॅडम जॉन्सन याच्या गळ्याला स्केटचे पाते लागले आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर हा विषय जगभर गांभीर्याने घेतला गेला. मुलीला हे भीती घालण्यासाठी सांगू नये, पण लपवूही नये. बारा वर्षांच्या मुलीला कारण सांगितले की समजते.

तिची तक्रारही खोटी मानू नये. गळ्याभोवती पट्ट्यासारखा बांधायचा नेक गार्ड काही मुलांना खरोखरच टोचतो. त्याऐवजी आतून घालायचा, गळ्याचा भाग कापास दाद न देणाऱ्या धाग्याने विणलेला शर्ट मिळतो. अनेक मुली तो निमूटपणे घालतात. दुकानात तिला तो घालून, हेल्मेट चढवून, मान दोन्ही बाजूंना वळवायला सांगावे. त्वचा उघडी पडते का ते आपण पाहावे, आणि श्वास मोकळा आहे का ते तिला ठरवू द्यावे. सध्याचा नेक गार्ड कात्रीने कापून सैल करण्याचा विचार मनात आला असेल, तर तो करू नये.