मिशिगन स्टेट विद्यापीठाचे खेळाडू स्वतःला ‘स्पार्टन’ का म्हणवतात?

स्पार्टन म्हणजे स्पार्टाचा रहिवासी. स्पार्टा हे दक्षिण ग्रीसमधल्या युरोटास नदीकाठचं नगरराज्य. तिथे मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला घरातून नेऊन लष्करी शिक्षणाला लावत. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत राजा लिओनिडास ३०० स्पार्टनांसह इराणी फौजेपुढे उभा राहिला, तेव्हापासून हे नाव शौर्याशी जोडलं गेलं.

आता मिशिगन. ही संस्था मूळची शेतकी कॉलेज, म्हणून तिचे खेळाडू ‘ॲगीज’ म्हणजे शेतकीवाले. १९२५ मध्ये कॉलेजचं नाव बदललं आणि नव्या टोपणनावासाठी स्पर्धा घेतली गेली. त्यात ‘मिशिगन स्टेटर्स’ निवडलं गेलं. स्थानिक क्रीडापत्रकार जॉर्ज ऑल्डर्टनला मात्र ते मथळ्यासाठी फार लांबलचक वाटलं. त्याने आलेल्या नावांतून ‘स्पार्टन्स’ उचललं आणि १९२६ मध्ये बेसबॉलच्या बातम्यांत वापरायला सुरुवात केली. सुरुवातीला तर स्पेलिंगमध्ये ‘ए’च्या जागी ‘ओ’ छापला होता! कुठलाही ठराव नाही, नाव वाचकांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

१९४५ चा तिथला स्पार्टन योद्ध्याचा पुतळा मला फार आवडतो. युद्ध चालू असल्यामुळे ब्राँझऐवजी भाजक्या मातीत घडवलेला, शिरस्त्राण डोक्यावर नव्हे तर हातात धरलेला. २००५ मध्ये त्या जागी ब्राँझची प्रतिकृती आली.

एक गोष्ट मात्र विसरू नये: स्पार्टन पुरुष पूर्णवेळ सैनिक होऊ शकले, कारण त्यांची शेतं गुलामीत ठेवलेले हेलॉट कसत होते.